पत्रिकांच्या पट्ट्या आणि अडीच बाय साडेतीनचं कार्ड : आमची वाटचाल

लग्नपत्रिका छापून, कापून, घडी घालून देणं हा आमचा मूळ धंदा. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हे काम करणारे बरेच आहेत आणि सगळ्यांकडे एकच गोष्ट साठते, ती म्हणजे कात्रण. १३ बाय १९ इंचांच्या शीटवर ५ बाय ७ ची, एकाच दिशेने ठेवलेली, चार पानं बसतात. रंग कडेपर्यंत जात नसेल तर बाजूला ३ इंच रुंद आणि १९ इंच लांब पट्टी उरते, आणि खाली ५ बाय १० चा तुकडा. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम), कोरा, कुठेही डाग नाही. तरी तो रद्दीच्या भावानेच जातो, आणि त्यावर सोनेरी फॉइल किंवा लॅमिनेशन असेल तर रद्दीवालाही नाक मुरडतो.

पूर्वी याच पट्ट्यांची आम्ही खुणेची कार्डं आणि पाकिटांवरची लेबलं करायचो. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि पत्रिका व्हॉट्सॲपवर जाऊ लागल्या, तेव्हा उरलेल्या साठ्याचं काय करायचं याचा नीट विचार झाला. त्यातून आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डाकडे, म्हणजे हाताने करून एकमेकांत बदलायच्या छोट्या कलाकार्डाकडे वळलो.

या कार्डाची कल्पना स्वित्झर्लंडची. एम. वेंची स्टिर्नेमान या चित्रकाराने १९९७ साली झ्यूरिकमध्ये हाताने केलेली १२०० कार्डं मांडली आणि येणाऱ्यांना सांगितलं, तुम्हीही कार्ड करा आणि अदलाबदल करा. त्याच वर्षी कलाकार डॉन मेबी यांनी ही पद्धत कॅनडात कॅलगरीला नेली. नियम फार थोडे आहेत. माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६४ बाय ८९ मिलिमीटर. खेळाडूंच्या कार्डांचं हेच माप, त्यामुळे नऊ कप्प्यांची प्लास्टिक पानं आणि पारदर्शक पाकिटं बाजारात तयार मिळतात. मागच्या बाजूला करणाऱ्याचं नाव, शीर्षक, तारीख आणि एकसारखी अनेक केली असतील तर क्रमांक. आणि मुख्य नियम असा की कार्ड विकायचं नाही, बदलायचं.

हा नियम आम्ही मनापासून पाळतो. तयार कलाकार्ड आमच्या यादीत नाही आणि येणारही नाही. आम्ही विकतो ते कोरी कार्डं आणि निवडलेलं कात्रण यांचं पाकीट.

कोऱ्या कार्डात सगळं काही कागदाच्या ग्रेनवर, म्हणजे तंतूंच्या दिशेवर अवलंबून आहे. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू एका दिशेने झोपतात. ओल लागली की तंतू लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात, म्हणून कागद ग्रेनला आडवा पसरतो आणि कार्ड वळतं. ग्रेन साडेतीन इंचांच्या बाजूला समांतर असेल तर वळणं कमी दिसतं आणि कार्ड पाकिटात सरळ राहतं. १९ इंचांच्या बाजूला ग्रेन असलेल्या शीटमधून उरलेल्या ३ बाय १९ च्या पट्टीत साडेतीन इंच लांबीकडे ठेवले की पाच कार्डं निघतात, ग्रेनही बरोबर येतो. खालच्या ५ बाय १० च्या तुकड्यात मात्र फसगत होते. त्यातून दोन प्रकारे कापता येतं आणि दोन्ही प्रकारे चारच कार्डं मिळतात, पण एकात ग्रेन आडवा पडतो. संख्या सारखीच असल्यामुळे कापणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून शीट फोडण्याआधीच प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने बाण काढला जातो. बाण नसलेला तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. जिकडे कमी विरोध, तिकडची घडी ग्रेनला समांतर.

सगळ्यात जास्त वेळ जातो कात्रण निवडण्यात. रंगावरून वाटणी केली तर पाकीट छान दिसतं, पण घेणाऱ्याच्या हातात निम्मे तुकडे सुटून येतात. आमची वाटणी गोंद कसा धरतो यावर आहे. हातकागद आणि साधा कार्डशीट पाणी पितो, त्यावर काहीही चिकटतं. आर्ट पेपर गुळगुळीत असतो. त्याला फेव्हिकॉल चालतो, पण थर पातळ हवा आणि दाब रात्रभर. लॅमिनेशन केलेला किंवा पूर्ण फॉइलचा तुकडा पाण्यातला गोंद आत घेतच नाही, गोंद वर सुकतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. असा तुकडा चिकटवायचा असेल तर त्याची मागची कागदी बाजू वापरायची. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन असेल तर मागून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं किंवा सरळ दुहेरी टेप लावायची. हे तुकडे आम्ही वेगळ्या पुडीत देतो आणि पुडीवर तसं लिहितो.

कापडात खण फार देखणा. ब्लाउज शिवणाऱ्यांकडे त्याच्या बोटभर चिंध्या उरतात. पण खण तसाच कापला की कडेचे धागे सुटतात आणि अडीच इंचांच्या कार्डावर एक सुटा धागासुद्धा डोळ्यांत भरतो. उपाय जुना, बाइंडिंगवाल्यांचा. कापडाच्या मागे पातळ कागद खळीने चिकटवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच कापायचं. खळ अशी : एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. खळ पातळ झाली तर कापडाच्या वरच्या बाजूला झिरपते आणि वाळल्यावर रेशमावर पांढुरके डाग दिसतात, म्हणून ती ब्रशवर थांबेल इतकी घट्ट हवी. बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या कुठल्याही मालात आम्ही ते वापरत नाही, त्याऐवजी खण पूर्ण सुकवून बंद पिशवीत ठेवतो.

शाळांकडून विचारणा होऊ लागली तेव्हा पाकिटाची रचना बदलली. तीस-चाळीस मुलं एका वर्गात लहान कार्डावर बारीक तुकडे चिकटवायला बसली की गोंद जास्त पडतो आणि कार्डं वळतात. त्यांच्यासाठी मोठ्या पानाची पद्धत सोयीची : ए-फोर आकाराचं २०० जीएसएमचं पान कात्रणाने पूर्ण भरायचं, मागून पातळ कागद त्याच वेळी चिकटवायचा, बटर पेपरमध्ये ठेवून वजनाखाली रात्रभर दाबायचं आणि दुसऱ्या दिवशी कापायचं. एका पानात तीन बाय तीन अशी नऊ कार्डं बसतात, एका कडेला १८ आणि दुसऱ्या कडेला ३० मिलिमीटर उरतात. मागचा कागद महत्त्वाचा, कारण एकाच बाजूला ओल लागली की पान वाळताना त्याच बाजूला खेचलं जातं. दोन्हीकडे सारखी ओढ असली की सपाट राहतं. मागच्या कागदाचा ग्रेनही पुढच्याच दिशेला हवा.

कापताना स्टीलची पट्टी आणि नवीन पातं. एका दमात आरपार कापायला गेलं की जिथे तीन थर एकावर एक आलेत तिथे पातं घसरतं आणि खण ओढला जातो. तीन-चार हलके हात फिरवायचे. मणी, टिकल्या, जाड लेस हे सगळं कापून झाल्यावर लावायचं आणि तेही बेतानेच. पूर्ण कार्डाची जाडी एक मिलिमीटरच्या आत राहिली तर ते कप्प्यात जातं. साधं कडक प्लास्टिकचं पाकीट तर जेमतेम ०.९ मिलिमीटरचंच कार्ड घेतं. नुसत्या कोऱ्या कार्डाची जाडी ०.३ च्या आसपास आणि वजन पावणेदोन ग्रॅमपेक्षा थोडं कमी, त्यामुळे वर काम करायला पुरेशी जागा उरते.

आज एका पाकिटात २० कोरी कार्डं, ४० ग्रॅम कागदी कात्रण, पाठीला कागद लावलेले खणाचे १० तुकडे, फॉइलची वेगळी पुडी आणि मागे चिकटवायच्या २० चिठ्ठ्या असतात. चिठ्ठ्यांवर नाव, शीर्षक, तारीख, क्रमांक यांसाठी ओळी आखलेल्या आहेत आणि त्या मराठीत छापलेल्या आहेत. त्या पेन्सिलीने किंवा पिगमेंट शाईच्या पेनाने भराव्यात. साधी जेल शाई प्लास्टिकच्या कप्प्यात दमट हवेत पसरते. जून ते सप्टेंबर आम्ही कापडाची पाठ लावण्याचं काम बंद ठेवतो, कारण खळ वाळत नाही आणि बुरशी धरते. त्या चार महिन्यांचा खण मार्च-एप्रिलच्या उन्हातच तयार करून ठेवावा लागतो. पावसाळ्यात पाकिटं मागवणाऱ्यांनी ती उघडल्यावर कार्डं दोन जाड पुस्तकांमध्ये एक रात्र ठेवावीत आणि मगच गोंद लावावा.