चीक सुटला आणि गाय बसली

परवा पहाटे इथल्या गोठ्यात चौथ्या वेताची जर्सी व्याली. वासरू उभं राहिलं, गाय मात्र बसली. मान वळवून तोंड कुशीला टेकवलेलं. कान चाचपले, थंडगार. डेन्मार्कात येऊन तीन वर्षं झाली, पण तसे कान हाताला लागले की मी थेट आर्वी तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात पोचतो.

तेव्हा मी दहावीत होतो. आबाजींची संकरित जर्सी अशीच बसली. "गाय उठून नाही राहिली ना बापू," रात्रभर त्यांचं एवढंच. कोणी लकवा म्हटलं, कोणी नजर. डॉक्टर सकाळी आले, तोवर ती गेली होती. घरच्या गवळाऊ, म्हणजे आमच्याकडच्या देशी गायी कधी अशा बसल्या नव्हत्या. "माह्या खाऊ घालण्यातच कमी पडलं," असं आबाजी शेवटपर्यंत म्हणत राहिले. ते मला अजून सलतं, कारण ते खरं नव्हतं. तो दुग्धज्वर होता, व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकाएकी घटून येणारा.

गायीच्या हाडांत कॅल्शियम किलोकिलोनं असतं. रक्तात फिरतं ते जेमतेम तीन ग्रॅम. आणि दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमच्या वर निघून जातं! कासेला कामाला लावणारी असते मेंदूच्या तळाशी बसलेली पीयूषिका ग्रंथी. (जुन्या संस्कृत कोशांत 'पीयूष' म्हणजे चीकही, नाव किती चपखल पडलंय.) व्यायच्या सुमारास तिचं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि दूध उतरू लागतं. वासरानं ढुसणी दिली की तिच्यातूनच ऑक्सिटोसिन सुटून पान्हा येतो. पुढं तिचंच वाढीचं संप्रेरक दुधाचा जोर टिकवतं.

पण रक्तातल्या कॅल्शियमचा हिशेब तिच्या हातात नाही. तो गळ्यातल्या परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींकडे, आणि त्या पीयूषिकेचं ऐकत नाहीत. रक्तात कॅल्शियम घटलं तरच जोरानं कामाला लागतात. हाडांतून, आतड्यांतून पुरेसं कॅल्शियम यायला एक-दोन दिवस जातात. चीक तर रातोरात भरतो. गाय बसते ती या मधल्या वेळात. गवळाऊचं दूध बेताचं, म्हणून तिच्यावर ही पाळी सहसा येत नाही.

कोल्डिंग हे इथलंच गाव. तिथले पशुवैद्य श्मिट यांनी १८९७ मध्ये अशा गायींच्या कासेत औषधी द्रावण भरलं आणि मरणाच्या दारातल्या गायी उठू लागल्या. पुढं दिसलं की नुसती हवा भरली तरी उठतात. फुगलेल्या कासेत दूध उतरणं थांबतं, कॅल्शियम रक्तात राहतं. रक्तातलं कॅल्शियम घटतं हे खरं कारण मात्र १९२५ च्या सुमारास कळलं.

परवाच्या गायीला डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत. तिनं शेण टाकलं, धडपडून उठली, वासराला चाटू लागली. मी बराच वेळ तिथंच उभा होतो.

रात्री भावाला फोन लावला. आपली तांबडी पुढच्या महिन्यात व्यायची आहे. गावात गाभण गायीला शेवटच्या दिवसांत मायेनं कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. त्यानं परावटू ग्रंथी सुस्तावतात, ऐनवेळी जाग्या होत नाहीत. म्हटलं, शेवटचे तीन आठवडे बाटली नको, लसूणघास नको, कडबा जास्त घाल. आणि व्यायच्या रात्री डॉक्टरांना आधीच सांगून ठेव. तो म्हणाला, "आणि कान मी पाहीन."