सॉटुंगाची ग्रामपंचायत आणि आमचा सीमाप्रश्न

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी बाल्टिक समुद्रातील ओलांड या बेटसमूहाच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. आपल्याकडच्या वृत्तपत्रांत तिची बातमी माझ्या तरी पाहण्यात आली नाही, आणि त्यात कुणाचा दोष आहे असेही नाही. साडेसहा हजारांहून अधिक लहानमोठी बेटे, त्यांपैकी वस्ती जेमतेम साठांवर आणि सगळी मिळून लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास, म्हणजे बेळगाव महापालिकेच्या चार प्रभागांत हा सारा प्रदेश मावेल. तरीही दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या या निवडणुकीकडे मी लक्ष ठेवून असतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या सभा आणि मोर्चे पाहत मोठ्या झालेल्या बेळगावच्या माणसाला त्या बेटांची कहाणी परकी वाटत नाही, हे त्याचे कारण.

ओलांड फिनलंडमध्ये आहे, पण तिथली भाषा स्वीडिश. १८०९ पर्यंत फिनलंड आणि ओलांड हे दोन्ही प्रदेश स्वीडनच्या राज्यात होते. त्या वर्षीच्या तहाने ते रशियाच्या झारकडे गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये, रशियात क्रांतीची धामधूम चालू असताना, बेटांवरच्या गावोगावच्या प्रतिनिधींनी एका लोकशाळेत बैठक घेऊन ‘आम्हांला पुन्हा स्वीडनमध्ये घ्या’ अशी मागणी केली. डिसेंबरमध्ये फिनलंड स्वतंत्र झाला आणि त्याने ही बेटे सोडण्यास साफ नकार दिला. १९२० मध्ये फिनलंडच्या संसदेने स्वायत्ततेचा कायदा करून देऊ केला, तो ओलांडकरांनी नाकारला, आणि त्यांचे दोन पुढारी, वृत्तपत्राचे संपादक युलियस सुंडब्लूम आणि त्यांचे सहकारी कार्ल ब्यॉर्कमन, यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मोर्चे, ठराव, निवेदने, अटका, दिल्लीला शिष्टमंडळे हे सारे ज्यांनी घरच्या ओसरीवर बसून ऐकले आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

वाटा वेगळ्या झाल्या त्या पुढे. ब्रिटनने हा वाद नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रसंघापुढे नेला आणि जून १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेने निर्णय दिला: बेटांवर सार्वभौमत्व फिनलंडचे राहील, पण बेटांवरची स्वीडिश भाषा, तिथली संस्कृती आणि तिथल्या लोकांच्या जमिनी राखण्याची हमी फिनलंडने द्यावी. शिक्षणाचे माध्यम, जमीनखरेदीवरचे निर्बंध आणि मतदानाचा अधिकार यांविषयीच्या अटी लेखी ठरल्या, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी राष्ट्रसंघाने स्वतःकडे घेतली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दहा राष्ट्रांनी करार करून ही बेटे लष्करमुक्त आणि तटस्थ ठरवली.

मागणीच्या दृष्टीने पाहिले तर ओलांडकर हरले, आणि त्यांना ते चांगले झोंबलेही होते. परंतु ९ जून १९२२ रोजी नव्या विधिमंडळाची पहिली बैठक भरली तेव्हा ते तिच्यावर बहिष्कार टाकून घरी बसले नाहीत. या विधिमंडळाला लागटिंग म्हणतात. त्याचे सदस्य तीस. पहिल्या लागटिंगचे सभापती झाले युलियस सुंडब्लूम आणि सरकारचे प्रमुख झाले कार्ल ब्यॉर्कमन, म्हणजे दोन वर्षांपूर्वी राजद्रोही ठरवलेली तीच दोन माणसे. सुंडब्लूम १९४५ मध्ये निधन होईपर्यंत त्या खुर्चीवर होते. आज ९ जून हा ओलांडचा स्वायत्तता दिन म्हणून साजरा होतो. आमच्याकडे १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी. १९५६ पासून एकाच शहरात एकाच दिवशी दोन तारखा चालू आहेत.

या हमीचे फळ काय, हे पाहायचे असेल तर २०२३ च्या निवडणुकीपेक्षा २०१९ ची निवडणूक अधिक बोलकी आहे. ओलांडमध्ये सोळा नगरपालिका-ग्रामपंचायती आहेत. त्यांत राजधानी मारिएहाम्न आहे, जिथे एकूण लोकसंख्येपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक राहतात, आणि पूर्वेकडच्या बेटांवरची सॉटुंगा आहे, जिची लोकसंख्या शंभराच्या आसपास असून ती साऱ्या फिनलंडमधली सर्वांत लहान पंचायत समजली जाते. २०१५ ते २०१९ या काळातील कात्रिन शेग्रेन यांच्या सरकारने खर्च आणि मनुष्यबळाचा हिशेब मांडून या सोळांच्या चार करण्याचा कायदा केला. कागदावर त्यांचे म्हणणे रास्त होते. शंभर माणसांसाठी स्वतंत्र शाळा, वृद्धांची देखभाल आणि कचेरी चालवणे कुणालाही परवडणारे नाही. पण सक्तीचे विलीनीकरण बेटांवरच्या लोकांना मानवले नाही. निवडणूक त्याच मुद्द्याभोवती फिरली, विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या सेंटर पक्षाच्या नऊ जागा आल्या, शेग्रेन यांचे लिबरल सहांवर आले, वेरोनिका थर्नरूस यांचे सरकार बनले आणि तो कायदा मागे घेतला गेला. पुढच्या निवडणुकीनंतर, २०२३ मध्ये, शेग्रेन पुन्हा सरकारच्या प्रमुख झाल्या. सॉटुंगाची पंचायत मात्र जागच्या जागी राहिली.

शंभर वस्तीच्या बेटाची पंचायत राहावी की जावी, दूरच्या बेटांना जाणाऱ्या फेरीबोटीचा मार्ग फेग्लो बेटावर नवा धक्का बांधून कमी करावा की नाही, खोल समुद्रात पवनचक्क्या उभाराव्यात का, अशा प्रश्नांवर तिथे पक्ष लढतात, भांडतात आणि पडतात. भाषा धोक्यात आहे असे सांगून मते मागण्याची सोय तिथे फारशी उरलेली नाही. फिनलंडपासून पूर्ण स्वतंत्र होण्याची मागणी करणारा पक्षही तिथे होता. २०१९ मध्ये त्याला तीसपैकी एक जागा मिळाली.

आता आमच्या बाजूला या. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या पोटात गवाळी, कृष्णापूर, आमगाव, तळेवाडी अशी मराठी बोलणाऱ्यांची गावे आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला खांद्यावरून, चिखल तुडवत, मोटार येऊ शकेल अशा रस्त्यापर्यंत आणावे लागते. पूल व्हावा, की वनखात्याच्या नियमांमुळे गावेच उठवून पुनर्वसन करावे, हा अगदी सॉटुंगाच्या जातीचा प्रश्न आहे. ज्या मतदारसंघात ही गावे येतात तिथल्या किती निवडणुका या प्रश्नावर लढल्या गेल्या? आमच्या पिढीने महाराष्ट्र एकीकरण समितीला मत दिले ते सीमेसाठी. विरोधात मत दिले तेही बहुधा सीमेच्या राजकारणाला कंटाळून. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये एकही नाही. गटबाजीने समिती खिळखिळी झाली हे खरेच, पण पूल कुणी मागायचा हा प्रश्न समिती जिंकली तेव्हाही बाजूलाच राहिला होता आणि हरली तेव्हाही बाजूलाच राहिला.

समितीवर सगळे खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला, त्यात बेळगाव शहर म्हैसूरकडेच, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडेच, ठेवले आणि निपाणीसह दोनशेहून अधिक गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटकाने ‘तोच अंतिम’ म्हणून धरून ठेवला आणि केंद्राने तो अमलातही आणला नाही, रद्दही केला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. गावे कुणाची, याच प्रश्नावर दोन्ही राज्यांचे वकील तयारी करत राहिले. निकाल लागेपर्यंत, किंवा निकाल विरुद्ध लागला तर, इथे राहणाऱ्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत काय आणि कसे मिळेल, हे लिहून देण्याची घाई कुणालाच नव्हती. ओलांडमध्ये सीमा आणि हमी एकाच निकालपत्रात आल्या. आमच्याकडे सीमा आखून झाली आणि हमी कागदाच्या मागच्या पानावर राहिली.

‘मग आम्हांलाही ओलांडसारखी स्वायत्तता द्या’ असे आमच्यातले काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे ओलांडच्याच मतदारयादीवरून सांगता येईल. लागटिंगच्या निवडणुकीत मत द्यायचे, उभे राहायचे किंवा बेटांवर मोकळेपणाने जमीन घ्यायची, तर तिथला खास रहिवासी हक्क लागतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल तर मुलाला जन्माने मिळतो. बाहेरून आलेल्याला फिनलंडचे नागरिकत्व, सलग पाच वर्षांचे वास्तव्य आणि पुरेशी स्वीडिश भाषा या तिन्ही अटी पुऱ्या कराव्या लागतात. कायम मुक्काम पाच वर्षांहून अधिक काळ बाहेर हलवला तर मिळालेला हक्कही जातो. सरकारी कामकाज फक्त स्वीडिशमध्ये चालते, सरकारी शाळांचे माध्यम स्वीडिशच, आणि बेटांवर शंभरातली पाचएक माणसे फिनिश मातृभाषेची असली तरी त्यांच्यासाठी फिनिश माध्यमाची सरकारी शाळा नाही. हेलसिंकीत ज्या भाषेचे राज्य आहे, ती भाषा बोलणारा माणूस मारिएहाम्नमध्ये अल्पसंख्य होतो आणि मुलाला परक्या माध्यमात घालतो. ओलांडचे कौतुक करताना आपण स्वतःला नेहमी स्वीडिश बोलणाऱ्याच्या जागी बसवतो. शहापूरच्या एखाद्या गल्लीत एका भिंतीला मराठी घर आणि दुसऱ्या भिंतीला कन्नड घर असताना, असा प्रदेशाचा नियम कुणीही केला तरी त्यात गल्लीतले निम्मे लोक फिनिश होणार. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या, जवळजवळ एकभाषिक बेटाला जी हमी शोभते ती आमच्या जमिनीवर लावता येणार नाही.

आमच्याकडे हमी हवी ती माणसाला चिकटलेली, आणि तिचा सांगाडा आपल्या घटनेत आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळीच, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आली: पहिल्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे, दुसऱ्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनात, जिथे अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्यांचे प्रमाण पंधरा-वीस टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढण्याची अपेक्षा व्यक्त झाली आहे. अडचण अशी की हा अधिकारी राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेपुढे ठेवला जातो आणि तिथेच त्याचे काम संपते. ओलांडमध्ये लागटिंगचा कायदा अधिकारकक्षेबाहेर गेला असे वाटले तर आधी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची एक समिती त्यावर मत देते, गरज पडल्यास सर्वोच्च न्यायालयाला विचारले जाते आणि मगच राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात, तोही ठरावीक कारणांसाठी आणि ठरावीक मुदतीत. वाद होणारच हे गृहीत धरून तो कुठे न्यायचा याची वाट तिथे बांधलेली आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींना मागच्या वर्षी घरपट्टीची एक नोटीस आली. ती संपूर्ण कन्नडमध्ये होती. वहिनी मराठी शाळेतून सातवी झालेल्या, बाजारात कन्नड चांगले बोलतात, पण वाचता येत नाही. त्यांनी कन्नड शाळेत जाणाऱ्या नातवाला बोलावून कागद पुढे केला आणि म्हणाल्या, ‘बघ की रे, कुणाचं नाव घातल्यात त्यात.’ नाव दिवंगत सासऱ्यांचे होते, रक्कम जुन्या थकबाकीची होती आणि हरकत घेण्याची मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. कचेरीतला कारकून चांगला माणूस निघाला, त्याने अर्ज घेतला. पण तो चांगला निघाला म्हणून काम झाले, नियमाने झाले नाही; आणि नातू नसता तर तो कागद देवघरातल्या डब्यात पडून राहिला असता.

यावर जुने कार्यकर्ते एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. मराठीत कागद मागणे म्हणजे कर्नाटकात राहणे मान्य करणे, आणि तसे केले की सर्वोच्च न्यायालयातला दावा लंगडा पडतो, असे ते म्हणतात. १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांची आणि १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे बोलण्याचा अधिकारही आहे. पण दावा दोन राज्यांमधला आहे आणि भाषेचा हक्क नागरिकाचा आहे. दुसरा मागितल्याने पहिला सोडला असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही. सुंडब्लूम यांनी सभापतिपद स्वीकारले तेव्हा त्यांनी आपले म्हणणे खोटे होते असे कबूल केले नव्हते. मिळालेल्या अधिकारातून स्वीडिश शाळा चालवता येतात एवढे त्यांनी पाहिले. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली आरोग्य योजना लागू केली आणि त्यावरून दोन सरकारांत शाब्दिक चकमक झाली, तेव्हा रुग्णाने ती योजना नाकारावी, असे कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने सुचवले नाही.

कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतरच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. त्या होतील तेव्हा दारात येणाऱ्या उमेदवाराला, मग तो समितीचा असो, भाजपचा असो वा काँग्रेसचा, मी सीमेविषयीचे मत विचारणार नाही. ते बहुधा मला आधीच ठाऊक असते. घरपट्टीची नोटीस आणि जमिनीचा उतारा कन्नडबरोबर मराठीतही मिळावा म्हणून तो कोणत्या कचेरीत कोणता ठराव नेणार, आमच्या भागातल्या मराठी प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागांची त्याच्याकडे यादी आहे का आणि आमगावच्या ओढ्यावर काय करायचे याबद्दल वनखात्याशी त्याचे बोलणे झाले आहे का, एवढे मी विचारणार आहे. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यालाही शेवटचा प्रश्न विचारायला सांगणार आहे, कारण तो त्याच्याही मतदारसंघातला ओढा आहे.