तिरक्या भिंतींचं शेततळं

आमच्या शाळेतल्या संगणकांवर मी लुआंटी चालवतो. 2024 पर्यंत त्याला माइनटेस्ट म्हणायचे. मायनक्राफ्टच्या जातीचाच, ठोकळे खणून-रचून जग बांधायचा गेम, पण फुकट, आणि आमच्या म्हाताऱ्या मशीनवरही रडतखडत का होईना, चालतो. त्यातला एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर. आठवीच्या घनफळाला आणखी काय लागतं? बाजारात ‘शैक्षणिक गेम’ म्हणून जे खपवतात ते बहुतेक वेळा फुगे फोडायची प्रश्नमंजूषा असते.

शाळा नाशिकच्या गिरणारे बाजूला. निम्म्या पोरांच्या घरी द्राक्षं नाहीतर टोमॅटो. म्हणून त्या दिवशी काम दिलं: 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं खणा आणि ठोकळे मोजा. सरकारच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे हे माप घरोघरी ठाऊक आहे. 2700 ठोकळे, 27 लाख लिटर, तास संपला, असा माझा बेत.

एक पोरगा खणेचना. गणितात कायम काठावर पास होणारा. म्हणाला, “सर, हे तळं चुकलंय. उभ्या भिंती कोण ठेवतं? ढासळतील ना. आन् प्लास्टिकचा कागद कसा अंथरणार?”

घरचं तळं खोदताना तो दोन दिवस पोकलेनजवळ उभा होता. गेममध्ये वाळू खाली पडते, माती मात्र हवेत लटकून राहते. इतके दिवस हा गेम शिकवतोय, मला कधी खटकलं नव्हतं.

म्हटलं, तुझं तळं खण. मीटरभर खाली गेलं की चारही बाजूंनी मीटरभर आत, असा उतार धरला त्याने. थर पडले 30, 28 आणि 26 चे. त्यांचे वर्ग करून बेरीज 2360. त्यावर तो स्वतःच अडला. “पहिला थर वरून 30 हाय, पण खाली 28 झाला. मग मधला 29 धरू का?” 29, 27, 25. वर्ग करून बेरीज 2195. रात्री घरी मी छेदाच्या, म्हणजे वर रुंद आणि खाली अरुंद आकाराच्या घनफळाच्या, सूत्राने पडताळलं. 2196. एका घनमीटरचा फरक! बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, झोपा आता.

बाकीच्यांनी तोवर वर्गात गेममधल्या पाण्याची मेख शोधली होती. तीन ठोकळे लांबीचा चर खणायचा, दोन टोकांना बादली ओतायची, मधली जागा आपोआप भरते. उपसा, परत भरते. पोरं ओरडत होती. हा मात्र वहीत दहा हजार लिटरच्या टँकरच्या खेपा मोजत बसला. 220 आल्या. “एवढं कोण विकत घेईल?” असं स्वतःशीच पुटपुटला. एप्रिलमध्ये त्यांच्या बागेला टँकर लागतो, हे मला नंतर कळलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हे लिहिलंच नसतं. महिन्याभराने घटक चाचणीत नेमकं तेच माप आलं. प्रश्नपत्रिका तयार छापील आणलेली, तपासायला दुसरे शिक्षक. याने ‘भिंती तिरक्या धरल्या’ असं लिहून 2195 काढलं. तीनपैकी शून्य. त्या सरांशी बोललो. ते म्हणाले, “प्रश्नात इष्टिकाचिती म्हटलंय.” म्हटलं होतं, खरंच; म्हणजे भिंती उभ्याच. माणूस वाईट नाही. उत्तरसूचीपलीकडे बघायची सवय आपल्या खात्याने कुणाला लावलीच नाही. वर स्टाफरूममध्ये ऐकवलं गेलं, की गेम खेळवले की असंच होणार.

त्यांच्या नियमाने ते बरोबर होते. मी तपासला असता तर? तीन दिले असते बहुतेक, आणि मग ज्या तीसेक पोरांनी 2700 लिहिलं त्यांचं काय केलं असतं, ते सुचत नाही.

गुण वाढवून मागायला पोरगा आला नाही. पुढच्या तासाला मशीन सुरू होईस्तोवर माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “सर, वार्षिकला उतार धरायचा का नाय?”

मी त्याला म्हटलं, आधी लॉगिन कर.