चिंच आधी पडली

साडेअकराला झाऱ्यावर बटाट्याची फोड घेऊन बोटानं दाबली. कच्ची. पाऊण तास रस्सा रटरटत होता आणि साडेबाराला 300 माणसांची पंगत बसायची होती.

मी साताऱ्याचा आचारी. कोरेगावजवळच्या एका गावात साखरपुडा होता. बेत आमच्या हातचाच: कृष्णाकाठची वांगी, बटाटा, मटार नि वाघ्या घेवडा (आमच्याकडचा राजमा) यांचा दाटसर रस्सा, सोबत भाकरी, भात. बटाटा 20 किलो, वांगी 12, घेवडा 4. या घेवड्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. रात्री भिजवून वेगळा शिजवला की रस्स्याला असं अंग येतं की कूट निम्मंच लागतं.

मी जाळ वाढवला. तेलात परतलेली वांगी पार विरघळली, बटाटा हलेना. यजमान येऊन बघून गेले. "आचारी, बटाटं काय दगडाचं आणलं का?" मी तिथूनच मंडईत व्यापाऱ्याला फोन लावला आणि चार माणसांत नको ते बोललो.

फोन ठेवून रस्सा चाखला, तर दात आंबले. नव्या पोराला विचारलं, "चिंच कधी घातलीस?"

"फोडणीतच की मामा, टोमॅटोसंगं. तुम्ही भाताकडं गेला होता तवा."

माझे चुलते पळी उगारून सांगायचे, बटाटा बोटचेपा झाल्याशिवाय आंबट दाखवायचं नाही. त्यामागचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते पुढं एका शिक्षक पाहुण्यांकडून कळलं: भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सुटत नाही, म्हणून फोड कडकच राहते. घेवड्याचंही तेच झालं असतं, पण तो आधीच शिजलेला होता.

मग काय, दोघांनी दोन झारे घेतले आणि फोडी उपसायला लागलो. बायकांनी विळ्यांवर त्या अर्ध्या केल्या. शेजारच्या चुलीवर भाताच्या आधणाचं पाणी उकळत होतं, त्यात मीठ टाकून सगळ्या सोडल्या. भात मागं पडला, पडू दे. पाहुण्यांत तोवर भजी आणि मठ्ठा फिरवला. इकडं रस्स्यात गूळ नि जास्तीचं कूट घालून आंबटपणा मारला. पंचवीस मिनिटांनी फोड दबली. दोन-तीन पळ्या बटाटा कुस्करून रस्स्यात घातला, बाकीचा अलगद सोडला.

सव्वाला पंगत बसली. रस्सा जरा गोडसर झाला होता, मला तरी तो आवडला नाही. म्हाताऱ्या माणसांनी मात्र भाकरी कुस्करून दोनदा मागून घेतला. पोरगं कोपऱ्यात भांडी घासत बसलं होतं, जेवायला येईना. त्याला हाताला धरून बसवलं.

दुसऱ्या दिवशी मंडईत जाऊन व्यापाऱ्याची माफी मागितली. त्यानं चहा पाजला, बटाट्याचं पोतं निवडून दिलं. बारा वर्षं माझी उधारी चालायची तिथं. त्या दिवशी मात्र म्हणाला, "दादा, आज रोख द्या."