आमची वाटचाल: मंदीतले अर्ज

घरोघरी इंटरनेट पुरवण्याचा आमचा छोटा व्यवसाय डायल-अपच्या, म्हणजे फोन लावून इंटरनेट जोडण्याच्या, काळात सुरू झाला. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर पाच एमबीची फाइल उतरवायला तेव्हा किमान बारा मिनिटे लागत आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडे. पुढे त्याच तांब्याच्या तारेवर एडीएसएल हे ब्रॉडबँडचे, म्हणजे वेगवान इंटरनेटचे, तंत्र आले, फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालू लागले आणि आमचा जम बसला.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचे दिवाळे निघाले. मंदीत घरखर्चाला कात्री लागली की पहिला घाव आमच्या बिलावर पडणार, हे मी गृहीत धरले. जादा बँडविड्थ, म्हणजे सगळ्या ग्राहकांचा डेटा वाहून नेण्याची क्षमता, घेण्याचे लांबणीवर टाकले आणि सोडून जाणाऱ्यांना थोपवण्यासाठी कमी वेगाचा स्वस्त प्लॅन काढला. तो फारसा कोणी घेतला नाही. उलट नव्या जोडण्यांचे अर्ज वाढले. अमेरिकेतही मे २००८ मध्ये ५५ टक्के प्रौढांच्या घरी असलेले ब्रॉडबँड एप्रिल २००९ पर्यंत ६३ टक्क्यांवर गेले होते, हे मी नंतर वाचले.

कारण ग्राहकांच्या बोलण्यातूनच उलगडत गेले. डायल-अपवर जितकी मिनिटे तितके फोनचे बिल. नोकरी शोधणाऱ्याला दिवसभर जाहिराती चाळायच्या असतील, तर महिन्याचे ठरलेले ब्रॉडबँड शुल्कच परवडते. एका जुन्या ग्राहकाने नोकरी गेल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा मी जोडणी बंद करण्याचा फॉर्म पुढे ओढलासुद्धा. त्यांना मात्र अपलोडचा वेग वाढवून हवा होता. टीव्हीची केबल बंद करून त्यांनी घरूनच नकाशे काढून देण्याची कामे धरली होती आणि एकेक फाइल पाठवताना अर्धा तास जात होता. एडीएसएलमध्ये उतरवण्याची वाट रुंद आणि चढवण्याची अरुंद असते, हे तोवर कुणाला समजावून सांगण्याची वेळ आमच्यावर आली नव्हती.

वापराचा आलेख पूर्वी दुपारी सपाट असे आणि रात्री नऊच्या सुमारास उंच चढे. आता दुपारीही चढ दिसू लागला आणि रात्री सगळेच तुंबू लागले. त्या तक्रारी रास्त होत्या, कारण बँडविड्थ मीच अडवून धरली होती. मंदीपेक्षा माझ्या या काटकसरीनेच आमचे ग्राहक जास्त तोडले. अखेर ती बँडविड्थ घेतली आणि वर्षभराने स्वस्त प्लॅन बंद केला. त्यावरच्या मोजक्या ग्राहकांना फोन करून वरच्या वेगावर नेण्याच्या कामाला एक दुपार पुरली.