घर्षण नेमकं कुठल्या दिशेला? मेकॅनिक्सच्या नोंदी, टप्पा रोटेशनचा

अमेरिकेतल्या एमआयटीच्या ओपनकोर्सवेअर या वेबसाइटवरचा ८.०१, म्हणजे तिथल्या पहिल्या वर्षाचा क्लासिकल मेकॅनिक्सचा कोर्स, आता रोटेशनपर्यंत, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंपर्यंत आला. कोर्स फुकट आहे, सर्टिफिकेट मिळत नाही, कॅल्क्युलस मात्र लागतं. न्यूटनचे नियम, संवेग, ऊर्जा, टकरी हे सगळं भराभर झालं, त्यावर जास्त लिहीत नाही. रॉकेटचं समीकरण तेवढं पुन्हा निवांत करायचं आहे. नागपुरात सध्या दुपारी डोकं चालत नाही, त्यामुळे रात्री कूलरसमोर बसून एक व्हिडिओ आणि मग त्यावरची गणितं असा क्रम बसलाय. व्हिडिओ छोटे असतात. खरा वेळ गणितं खातात आणि तो त्यांना द्यायलाच हवा.

या टप्प्यात एकाच प्रश्नाने मला धरून ठेवलं: गडगडणाऱ्या वस्तूवर घर्षण कुठल्या दिशेला लागतं? शाळेत पाठ केलेलं वाक्य सगळ्यांनाच आठवत असेल, घर्षण गतीला विरोध करतं. घसरणाऱ्या पेटीपुरतं ते पुरतं. पण न घसरता गडगडणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. तिथे स्थितिक घर्षण (पृष्ठभाग एकमेकांवर सरकत नसतानाचं) असतं आणि त्याची दिशा आधी ठरवून चालत नाही, ती समीकरणातून काढावी लागते.

सीताबर्डीहून मेट्रो सुटते तेव्हा मोटर चाक फिरवते, चाक रुळाला मागे ढकलतं आणि रूळ चाकाला पुढे. अख्ख्या गाडीला पुढे नेणारं बाहेरचं बल हेच, म्हणजे घर्षणच! सायकलवर तर दोन्ही चाकांत फरक आहे. पेडल मारून वेग वाढवताना मागच्या चाकावर घर्षण पुढे लागतं आणि पुढच्या चाकावर मागे, कारण पुढच्या चाकाला फिरवायला दुसरं कोणी नसतं. दोन्ही ब्रेक दाबले की दोन्हीकडे मागे. फुटाळा तलावाकडे सायकल काढली की आता दर वेळी मनात हे बाण काढतो.

मग घरी प्रयोग मांडला. १८० सेंटिमीटरची प्लायवूडची फळी, एक टोक १५ सेंटिमीटर उंच. वरून एक काचेचा कंचा आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा सोडायचा. कंचा म्हणजे भरीव गोळा, पाइपचा तुकडा म्हणजे पातळ कडं. गोळ्याचं त्वरण घर्षणाशिवायच्या उतारावर नुसतं घसरतानाच्या त्वरणाच्या ५/७ येतं, कड्याचं १/२. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही समीकरणातून उडून जातात, हे मला या कोर्समधलं सर्वात देखणं उत्तर वाटतं. जीची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत ९.७९ घेतली (९.८१ आपल्या अक्षांशाला जास्त होते, विषुववृत्ताच्या बाजूला आणि थोडं उंचावर असल्यामुळे) तर गोळ्याला सुमारे २.५ सेकंद लागायला हवेत, कड्याला सुमारे ३. अर्ध्या सेकंदाचा फरक डोळ्यांना सहज दिसतो. फोनच्या स्लो मोशनवर वेळा हिशोबाच्या जवळच आल्या. पाइप किंचित लवकर पोचतो, कारण त्याच्या भिंतीला जाडी आहे आणि सगळं वस्तुमान काठावर नाही.

शेजारची मुलगी जेईईची तयारी करते, ती बघायला आली होती. तिला विचारलं, कंचा फळीवर खालून वर गडगडत सोडला तर घर्षण कुठे?

"काका, वर चाललाय ना, मग घर्षण खाली पाहिजे."

"टॉर्क लिहून बघ," मी म्हणालो. टॉर्क म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम.

तिने फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे कंच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारं चित्र, काढला. वर जाताना कंच्याचा वेग कमी होतोय, म्हणजे न घसरता गडगडायचं तर फिरणंही कमी व्हायला हवं. गुरुत्वबल आणि फळीचा आधार दोन्ही केंद्रातून जातात, त्यांचा टॉर्क शून्य. फिरणं कमी करायला उरलं फक्त घर्षण, आणि ते काम त्याला उताराच्या वरच्या दिशेनेच लागून करता येतं. म्हणजे कंचा वर जावो की खाली येवो, घर्षण वरच. किंमतही तीच, वजनाच्या उताराच्या दिशेतल्या घटकाच्या २/७. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आणि टेकलेल्या बिंदूभोवती टॉर्क घेतला तर घर्षण लिहावंच लागत नाही." हे तिचं तिने काढलं. मला फार आनंद झाला.

आणखी एक: हे घर्षण कार्य करत नाही. टेकलेला बिंदू सरकतच नाही, तर कार्य कुठून? सरळ गतीची ऊर्जा फिरण्याकडे वळवणं एवढंच ते करतं. त्यामुळे याच फळीचं गणित ऊर्जेच्या अक्षय्यतेने दोन ओळींत सुटतं. दोन्ही रीतींनी करून बघा, उत्तर जुळताना बघायला छान वाटतं.

पुढचं काम ठरलंय. गोळा न फिरवता फरशीवर नुसता घसरत सोडला तर घर्षण त्याचा वेग कमी करतं आणि त्याला फिरवायलाही लागतं. फरशीवरच्या एका बिंदूभोवती कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचा संवेग) कायम राहतो, त्यामुळे तो गडगडू लागतो तेव्हा वेग मूळ वेगाच्या ५/७ उरतो. फरशी गुळगुळीत असो की खरखरीत, फक्त तिथवर पोचायला लागणारा वेळ बदलतो. हे बेअरिंगच्या मोठ्या गोळीवर मोजायचं आहे, एकदा साध्या फरशीवर आणि एकदा पावडर टाकून. न फिरवता गोळी सोडायची नीट रीत कोणाकडे असेल तर जरूर सांगा, माझ्या हातून सुटताना तिला थोडी फिरकी लागतेच.