फुलांच्या तारखा आणि बदलते हवामान

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कॉर्ड नावाचे गाव आहे. १८५० च्या दशकात हेन्री डेव्हिड थोरो हे लेखक तेथील रानावनात हिंडून कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले, हे टिपून ठेवत असत. सुमारे दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठातील पर्यावरणशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक यांनी ती टिपणे अभ्यासासाठी घेतली आणि सहकारी अब्राहम मिलर-रशिंग यांच्यासह त्याच परिसरात पुन्हा तारखा नोंदवल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार ४३ जातींच्या वनस्पती थोरो यांच्या काळापेक्षा सरासरी सात दिवस आधी फुलू लागल्या होत्या. ज्या जातींना वाढत्या उष्म्याबरोबर आपला बहर अलीकडे आणता आला नाही, त्यांची संख्या घटल्याचेही याच नोंदींच्या आधारे दिसून आले.

या संशोधनातील मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग सावलीचा आहे. तेथील जमिनीलगतची रानफुले, डोक्यावरच्या झाडांना पालवी फुटण्याआधी जे थोडे दिवस ऊन मिळते, त्यावर आपली वर्षाची बेगमी करतात. आता उष्म्यामुळे दोघांचेही वेळापत्रक अलीकडे आले आहे. परंतु झाडांची पालवी फुलांपेक्षा अधिक दिवसांनी अलीकडे सरकल्यामुळे फुलांच्या वाट्याचे ऊन कमी होत चालले आहे. एकटी तारीख बदलल्याने फारसे बिघडत नाही, एकमेकांवर अवलंबून असलेल्या तारखांचा मेळ तुटला की बिघडते.

हे गणित कोल्हापूरला जसेच्या तसे लावता येत नाही. आपल्याकडची झाडे बर्फ वितळण्याची वाट पाहत नाहीत. पानगळ, जमिनीतली ओल, उन्हाचा चटका आणि वळीव यांवर त्यांचे बरेच काही ठरते. पळस आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, बहावा ऐन उन्हाळ्यात पिवळा होतो, आणि राधानगरीच्या रानात मृगाच्या तोंडावर काजवे चमकू लागतात. काजव्यांच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात, त्यामुळे पाऊस लवकर आला किंवा वळीव चुकला, तर त्यांच्या हंगामाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. पावसाची तारीख अशी हवामान खात्याच्या दप्तरी राहते; रानातल्या तारखाही कोणीतरी तितक्याच निष्ठेने ठेवायला हव्यात.

आपल्या शेतकऱ्यांना ऋतूंच्या खुणा ठाऊक नव्हत्या, असे मुळीच नाही. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, पावशा ओरडू लागला की पेरणीची तयारी, हे ठोकताळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु त्यांत वर्ष आणि तारीख नसते, त्यामुळे बदल मोजायला ते अपुरे पडतात. याउलट शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जे वाळवलेले नमुने जतन केले आहेत, तशा प्रत्येक नमुन्याच्या कागदावर तो कुठे आणि कधी गोळा केला, हे लिहिण्याची पद्धत असते. प्रिमॅक यांनी बॉस्टनमधील अशाच नमुन्यांवरून विसाव्या शतकातील बहराचा बदल मोजला होता. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, असे मला फार वाटते.

झाडांच्या ऋतुचक्राची नोंद ठेवणारा सीझनवॉच हा उपक्रम भारतात २०१० पासून चालू आहे. त्यात शाळकरी मुलांपासून कोणालाही सहभागी होता येते. एक झाड निवडायचे आणि दर आठवड्याला त्याची पाने, कळ्या, फुले व फळे नाहीत, थोडी आहेत की पुष्कळ आहेत, एवढेच लिहायचे. रंकाळ्याच्या काठावरचे किंवा आपल्या गल्लीतले, रोज नजरेखालून जाणारे झाड घेतले तर खंड पडत नाही. मात्र ज्या आठवड्यात झाडावर एकही फूल नसेल, त्या आठवड्यातही ‘फुले नाहीत’ असे लिहायलाच हवे, कारण त्याशिवाय बहर नेमका कधी सुरू झाला, हे पुढे कोणालाही ठरवता येत नाही.